तंबोरे दिसत होते

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आईला घेऊन मी गाण्याला गेले होते. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, दोन वर्षांपासून दोन्ही कानांना यंत्रं लावते. संध्याकाळी बाहेर पडणं तिला आता नको वाटतं. पण जाहिरातीत गायकाचं नाव वाचलं आणि आठ दिवस आधीच तिने कपाटातली नारायणपेठ काढून ठेवली. चारशे रुपयांची दोन तिकिटं, सातवी रांग, अगदी मधल्या खुर्च्या. वेळ सायंकाळी साडेपाच. पत्रिकेत छापलं होतं : पूर्वार्ध, राग मारवा.

मारवा वेळेला बांधलेला राग आहे. दिवस बुडतानाचा, संधिप्रकाशाचा. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्ज, म्हणजे मूळचा सा, तर गवई शक्य तितका लांबवत राहतो. ऐकणारा त्याची वाट बघत बसतो आणि त्या वाट बघण्यातच राग उभा राहतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुण्यात सूर्य साडेसहाच्या पुढेमागे मावळतो. पावणेसहाला गाणं सुरू झालं असतं, तर बाहेरचा उजेड आणि आतला राग एकदम उतरले असते. "त्यांनी वेळ बघूनच मारवा निवडलाय," आई रिक्षात म्हणाली. ती फार खुशीत होती.

दीपप्रज्वलन सहा वाजून दहा मिनिटांनी झालं. मग प्रास्ताविक, मग संस्थेच्या कार्याचा आढावा, मग पाहुण्यांचा परिचय आणि पाहुण्यांचं मनोगत. मग सत्कार. मी मोजले, अकरा सत्कार झाले. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि प्रत्येक वेळी फोटोसाठी "जरा इकडे बघा". हे सगळं चालू असताना विंगेत तंबोरे घेऊन दोन मुली उभ्या होत्या. कॉलेजातल्या असाव्यात. पडद्याच्या कडेतून त्यांच्या साड्यांचे काठ आणि तंबोऱ्यांच्या खुंट्या दिसत होत्या. पाऊण तास त्या तशाच उभ्या होत्या.

गायक बसले तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यांनी अगदी सौम्यपणे सांगितलं की मारव्याची वेळ टळून गेली आहे, तेव्हा आपण यमन ऐकू या. सभागृहात टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला अजून टोचतात. एक अख्खा राग आमच्या डोळ्यांदेखत सत्कारांखाली गेला होता आणि आम्ही त्याला टाळ्या दिल्या.

त्यानंतर जे दिसलं ते मला हा लेख लिहायला लावणारं आहे. तंबोरे मारव्यासाठी सुरात लावलेले होते, पहिली तार धैवतावर. यमनासाठी ती पंचमावर आणायला हवी. मुली खुंट्या पिळू लागल्या, आणि नेमक्या त्याच वेळी निवेदकाने यमन रागाची माहिती सांगायला सुरुवात केली. मोठ्या आवाजात, मंचाच्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून. डावीकडची मुलगी तंबोऱ्यावर वाकली. तिने कान जवळजवळ दांडीला टेकवला, डोळे मिटले, एक हात दुसऱ्या कानावर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने तार छेडून बघितली. तरी तिला ऐकू येईना. तिने गुरूंकडे बघितलं. गुरूंनी निवेदकाकडे बघितलं. निवेदक बोलतच होते. शेवटी जशी जमली तशी तार लावून गाणं सुरू झालं.

आणि मग आवाज आला. डग्ग्याचा घुमारा छातीवर आदळत होता. पेटी पत्र्यासारखी लागत होती. गायकाचा मंद्र सप्तक म्हणजे नुसती घरघर, आणि तार सप्तकात गेले की कान आपोआप मिटावेत असं वाटे. दोनदा माईकने अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतलं लहान मूल रडायला लागलं. आईने पाच-सात मिनिटं सहन केलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तंबोरे दिसताहेत, ऐकू येत नाहीत." आणि दोन्ही कानांतली यंत्रं काढून तिने चष्म्याच्या डबीत ठेवून दिली. पुढचं सगळं गाणं तिने तसंच ऐकलं, म्हणजे बघितलं. ज्याच्यासाठी यंत्रं घेतली तेच ऐकायला आलेली बाई गाणं सुरू झाल्यावर ती काढून ठेवते, यापेक्षा वाईट काय असू शकतं?

मध्यंतरात मी मागे जाऊन साऊंडच्या मुलाला भेटले. तेवीस-चोवीस वर्षांचा, दमलेला मुलगा. त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. मी म्हटलं, आवाज जरा कमी करता येईल का, तंबोरा अजिबात ऐकू येत नाही. तो चिडला नाही. बोळा काढून त्याने नीट सांगितलं. "काकू, दुपारचा कार्यक्रम उशिरा सुटला. आम्हाला आत सोडलं पावणेपाचला. केबल टाकेपर्यंत लोक यायला लागले, साऊंड चेक झालाच नाही. आता सरांना स्वतःचं ऐकायला मॉनिटर स्पीकर हवा, तबल्याला मॉनिटर हवा, पेटीवाले म्हणतात मला माझंच ऐकू येत नाही. स्टेजवरच एवढा आवाज झालाय की बाहेरचा त्याच्यावर न्यावाच लागतो. आणि आयोजक म्हणाले, मागच्या लोकांना दणदणीत गेलं पाहिजे." तंबोऱ्यांना माईक आहेत का, विचारलं. दोन्हींना मिळून एक होता. तो उघडला की शिट्टी मारतो म्हणून त्याने बंद ठेवला होता.

उत्तरार्ध सव्वाआठला सुरू झाला, कारण मध्यंतरानंतर प्रायोजकांचे आभार होते. साडेनऊला त्याच सभागृहात नाटकाचा प्रयोग लागलेला, त्यामुळे पावणेनऊलाच विंगेतून घड्याळ दाखवणं सुरू झालं. शेवटची भैरवी चार मिनिटांत आटोपली. साडेपाच ते आठ पन्नास, म्हणजे दोनशे मिनिटं आम्ही तिथे होतो. त्यात गाणं सत्तर मिनिटं. परतताना रिक्षात आई काही बोलली नाही.

आता ही एका संध्याकाळची रडकथा असती तर मी ती घरात ठेवली असती. पण गेल्या चार-पाच वर्षांत मी पुण्यात जे कार्यक्रम ऐकले, भावगीतांचे, नाट्यसंगीताचे, गझलांचे, शास्त्रीय गायनाचे, त्यांतल्या बहुतेकांना हेच झालं. कधी वेळ, कधी आवाज, बहुधा दोन्ही. आणि बाहेर पडल्यावर अमृततुल्यावर चहा घेताना प्रत्येक जण तेच बोलतो : गाणं चांगलं होतं हो, पण साऊंडने घाण केली. एवढं बोलून आपण घरी जातो. साऊंड म्हणजे जणू पाऊस, त्याचं कुणी काय करणार. माझं म्हणणं असं आहे की ते करता येतं, ते करण्याची जबाबदारी सभागृहाची आहे, आणि यातली बरीच सभागृहं महापालिकेची म्हणजे आपली आहेत. पुण्याला सभागृहं कमी नाहीत. नीट ऐकता येईल अशी जागा मात्र कमी आहे.

आधी आवाजाचं गणित, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. सभागृहात भिंतींमुळे तो इतका उतरत नाही, पण उतरतो. आपल्याकडे मुख्य स्पीकर मंचाच्या डाव्या-उजव्या बाजूला उभे असतात. पंचविसाव्या रांगेला "दणदणीत" पोचवायचं तर पहिल्या दहा रांगांना भाजून काढावंच लागतं. यावर उपाय जुना आणि सगळ्यांना माहीत असलेला आहे : मुख्य स्पीकर लहान आवाजात ठेवायचे आणि सभागृहाच्या मध्यावर, बाल्कनीच्या खाली, बाजूच्या भिंतींवर छोटे स्पीकर लावायचे, त्यांना काही मिलिसेकंदांचा उशीर द्यायचा, म्हणजे आवाज मंचावरूनच येतोय असं वाटतं. पण हे काम एका दिवसासाठी भाड्याने आलेला मुलगा पाऊण तासात करू शकत नाही. ते इमारतीत कायमचं बसवावं लागतं, दिवे आणि पंखे बसवतो तसं.

दुसरी गोष्ट मंचावरची. कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू आला पाहिजे, त्यासाठी त्याच्यासमोर मॉनिटर असतो. एकाचा वाढवला की दुसऱ्याला स्वतःचं ऐकू येत नाही, तो आपला वाढवायला सांगतो. ही चढाओढ दहा मिनिटांत मंच भरून टाकते. मग तंबोऱ्याच्या माईकमध्ये तंबोरा सोडून सगळं शिरतं, आणि शिट्टी बसते. तंबोरा हा मुळात लहान आवाजाचा. जवारीत, म्हणजे घोडीवर तारांखाली, दोरा सरकवून सरकवून जे काढतात ते त्या चार तारांच्या वरचं, त्यांतून निघणाऱ्या उपस्वरांचं वलय असतं. त्यातच गंधार आपोआप ऐकू येतो म्हणतात, आणि तो खरोखर येतो. गवयाची जागा त्या वलयात आहे. ते नाहीसं झालं की गाणारा कितीही सुरेल असला तरी ऐकणाऱ्याला तो सूर कशाला टेकून उभा आहे हेच कळत नाही. आई बोलली ती एका वाक्यात या सगळ्याबद्दल बोलली.

आणि कान. सहज कुतूहल म्हणून मी फोनवर आवाज मोजला. फोनचं मोजमाप काटेकोर नसतं हे मान्य, पण द्रुत लयीत आकडा पंच्याण्णवच्या वरच राहिला. कामाच्या जागी पंच्याऐंशी डेसिबल आठ तास सहन होतो असं धरतात, आणि दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, आणि शंभरला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी निकष जाहीर केले. त्यात कमाल मर्यादा पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबल अशी आहे, आणि तीसुद्धा रॉक संगीतापासून सगळ्यांना धरून. शिवाय आवाज सतत मोजत राहावा, ध्वनिव्यवस्था त्या जागेला अनुरूप असावी, कान झाकायला बोळे उपलब्ध असावेत, काम करणाऱ्यांना प्रशिक्षण असावं, असंही त्यात आहे. कानाच्या शंखात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्या एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. तो मुलगा कानात कापूस घालून बसला होता. त्याच्याकडे तेवढंच होतं. रोज दोन-दोन कार्यक्रम करणाऱ्या त्या पोराच्या कानांचं काय होणार, याची चौकशी कुणी करत असेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडे आवाजाचा कायदा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. वर्षातले काही मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. याच नियमांमुळे आपली रात्रभराची उघड्यावरची मैफल गेली, पहाटेचा ललत आणि भैरव ऐकत थंडीत शाल गुंडाळून बसणं गेलं. आईची पिढी त्याने हळहळली, तरी तिने ते मान्य केलं, कारण शेजारच्या घरातल्या आजारी माणसाला झोपेचा हक्क आहे. सवाई गंधर्व महोत्सव १९५३पासून चालू आहे, आणि त्यानेही आपलं वेळापत्रक बदलून घेतलं. पण हे सगळे नियम भिंतीच्या बाहेरच्या माणसासाठी आहेत. बंद सभागृहाला रात्रीच्या बंदीतून सूट आहे, आणि आत तिकीट काढून बसलेल्या माणसाच्या कानांसाठी त्यात आकडाच नाही. शेजाऱ्याला जे संरक्षण मिळतं ते श्रोत्याला का मिळू नये?

मला कल्पना आहे की यावर लोक काय म्हणतील, कारण ते मला घरातच ऐकायला मिळालं. माझा भाऊ दहा वर्षं एका मंडळाचे कार्यक्रम करतो. तो म्हणाला, तिकिटावर सभागृहाचं भाडंसुद्धा निघत नाही. प्रायोजक आहेत म्हणून गाणं आहे, आणि प्रायोजकाला मंचावर बोलवावंच लागतं. ताई, तू चारशे रुपये दिलेस, त्यांनी दोन लाख दिलेत. हे खरं आहे आणि मी ते हलकं धरत नाही. संगीताला पैसा लागतो, आणि पुण्यात तो देणारी माणसं आहेत हे आपलं भाग्य. पण ज्यांनी दोन लाख दिले ते मारव्यासाठीच दिले असतील ना? त्यांना विचारून बघा की तुमचा सत्कार हवा की मारवा हवा. मला खात्री आहे की अकरांतले सात-आठ जण मारवा म्हणतील. त्यांची नावं पत्रिकेवर ठळक छापा, पडद्यावर दाखवा, मध्यंतरात चहाच्या वेळी त्यांचा सन्मान करा. गाण्याची ठरलेली वेळ कुणाच्या शालीखाली जाता कामा नये एवढंच.

दुसरं म्हणतात की तरुणांना मोठाच आवाज लागतो. डीजे आणि डॉल्बीच्या दहा दिवसांवरून पुण्याची तरुण मुलं ओळखू नयेत. याच शहरात हजारो मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारदच्या परीक्षांना बसतात. ज्या मुलीने तंबोऱ्याला कान टेकवला ती वीसच्या आतली होती. तिला काय ऐकायचं होतं ते सगळ्या सभागृहाने बघितलं.

तिसरं म्हणणं मला सर्वांत जास्त विचार करायला लावतं : शेवटच्या रांगेतल्या माणसानेही पैसे दिलेत, त्यालाही ऐकू गेलं पाहिजे. बरोबर आहे. म्हणून तर मी इमारतीबद्दल बोलते आहे. आपली मोठी सभागृहं नाटकासाठी बांधलेली आहेत. बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या, म्हणजे नारायणराव राजहंसांच्या, हस्ते झालं आणि २६ जून १९६८ला, त्यांच्या जन्मदिनी, ते उघडलं. पुढे कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आलं. नाटकाला शब्द स्वच्छ ऐकू यावे लागतात, आवाज भिंतीवर फार रेंगाळून चालत नाही. गाण्याला थोडं रेंगाळणं लागतं, सूर विझताना ऐकू यावा लागतो. अशा कोरड्या सभागृहात गाणं ठेवलं की साऊंडवाला एकोचं बटण फिरवतो, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर १९८०मध्ये उघडलं. सुमारे हजार आसनांचं ते सभागृह सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाच्या सल्ल्याने असं बांधलं की मंचावरचा आवाज माईकशिवाय शेवटपर्यंत जावा. म्हणजे हे आपल्यापासून चार तासांच्या अंतरावर, चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी झालेलं काम आहे. परदेशाचा दाखला द्यायची गरज नाही.

आणि पुण्याने हे मागायला हक्काचं कारण आहे. १९११ साली भास्करबुवा बखल्यांनी इथे भारत गायन समाज सुरू केला. १९३२ला विनायकबुवा पटवर्धनांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. नारायणराव ज्या काळात रंगभूमीवर उभे राहिले तेव्हा नाटकगृहात लाऊडस्पीकर नव्हते. ऑर्गन, सारंगी आणि त्यांचा गळा एवढ्यावर शेवटच्या बाकापर्यंत पद पोचत होतं, लोक श्वास धरून ऐकत होते. शहराने ऐकण्याची सवय शंभर वर्षांत मिळवली आहे. ती मोडायला पंधरा-वीस वर्षं पुरतात. माझी भाची सोळा वर्षांची आहे, गाणं शिकते. तिने तंबोऱ्याचा आवाज क्लासमधल्या इलेक्ट्रॉनिक पेटीतून ऐकलाय आणि मोबाईलवरून ऐकलाय. सभागृहात कधीच नाही. तिला काय हरवलंय हे तिला कसं कळणार?

बालगंधर्वच्या पुनर्विकासावर गेली काही वर्षं वाद चालू आहे. पाडायचं की ठेवायचं, पार्किंग किती, थिएटरं किती, दुकानं असावीत की नसावीत. यातली प्रत्येक गोष्ट महत्त्वाची आहे आणि जुन्या रंगकर्मींची भीती मला पटते. पण त्या चर्चेत "आवाज कसा असेल" हा प्रश्न मी फार थोड्या वेळा ऐकला. वास्तू नवी होवो किंवा जुनी राहो, हा प्रश्न पहिला विचारायला हवा.

नवी वास्तू होईल तेव्हा होईल. तोवर आजच्या सभागृहात करता येईल असं काय आहे, यावर मी त्या साऊंडच्या मुलाशीच नंतर फोनवर बोलले. त्याचं म्हणणं अगदी साधं होतं. सभागृहाचा स्वतःचा कायमचा संच असावा आणि तो चालवणारा, त्या खोलीचा कान असलेला, पगारी माणूस असावा. बाहेरचा येईल त्याने त्याच्याशी जोडून घ्यावं. दोन सत्रांच्या मध्ये दीड तास मोकळा असावा, म्हणजे साऊंड चेक होईल. शास्त्रीय गाण्याला मॉनिटर अगदी कमीत कमी द्यावेत. मिक्सरसमोर भिंतीवर आवाजाचा आकडा दाखवणारं मोजयंत्र लावावं, सगळ्यांना दिसेल असं. "आकडा समोर असला की मलाच बरं पडेल काकू," तो म्हणाला. "कुणी वाढव म्हणालं तर मी बोट दाखवीन." मला हे फार पटलं. त्या मुलाला नियम हवा आहे, कारण नियम नसला की ज्याचा आवाज मोठा त्याचं त्याला ऐकावं लागतं.

मी यात एकच भर घालेन. सभागृह भाड्याने देताना अनामत रक्कम घेतात. खुर्ची मोडली तर त्यातून कापतात, आत खाद्यपदार्थ नेऊ नयेत म्हणून दारावर पाट्या असतात. तिकीट लावलेला कार्यक्रम छापील वेळेच्या पंधरा मिनिटांत सुरू झाला नाही तर त्याच अनामतीतून कापावं. खुर्चीइतकी किंमत श्रोत्याच्या वेळेला असायला हरकत नसावी. एका वर्षात सगळे सत्कार मध्यंतरात जातील.

खर्चाचा प्रश्न निघेल. संच महाग असतो, माणसाचा पगार वर्षानुवर्षं द्यावा लागतो. पण आज प्रत्येक आयोजक प्रत्येक कार्यक्रमाला साऊंडचं भाडं भरतोच आहे. तेच पैसे सभागृहाच्या भाड्यात आले तर आयोजकाला जड जाणार नाही, लहान संस्थांना उलट सोपं होईल. आणि बाहेरचे साऊंडवाले उपाशी मरतील ही भीती असेल तर त्यांतल्याच कसबी मुलांना सभागृहाने नोकरीवर घ्यावं. त्या मुलाला महिन्याचा पगार आणि धड कानबोळे मिळाले तर ते शहराच्या सांस्कृतिक कामातच जमा होईल.

मार्चमध्ये आईला मी कर्वेनगरला एका ओळखीच्यांच्या घरी बैठकीला नेलं. चाळीस माणसं, सतरंज्या, माईक नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी झाली, खाली कुणी स्कूटर सुरू केली, तरी तंबोरा ऐकू येत होता. आईने यंत्रं काढली नाहीत. परत येताना जिन्यात ती पंचमावर थांबून गुणगुणत होती. पण चाळीस माणसांच्या बैठकीत ओळखीशिवाय जाता येत नाही, आणि कुणी कुणाच्या घरी किती वेळा जावं? ज्याची कुणाशीच ओळख नाही, जो हडपसरहून किंवा धायरीहून बस बदलून येतो, त्याला चारशे रुपयांच्या तिकिटावर तेच ऐकायला मिळायला हवं. सार्वजनिक सभागृह त्यासाठीच तर बांधलं.

गेल्या सोमवारी मी सभागृहाच्या व्यवस्थापकांच्या नावाने अर्ज लिहिला. दोन पानं झाली : मोजयंत्र, संच, मधला वेळ, अनामत. सह्या चौदा जणांच्या आहेत, त्यांत त्या साऊंडच्या मुलाची आहे आणि माझ्या भावाचीही आहे. आईला वाचायला दिला. तिने चष्मा लावून सगळा वाचला, एक-दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, आणि सहीच्या वर थोडी जागा उरली होती तिथे स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली : "तंबोरे जुळेपर्यंत मंचावर कुणी बोलू नये, ही विनंती."